काळोखाची साक्ष

अमावस्येच्या रात्री गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या तलावाकाठी उभं राहून वर बघा. चांदण्यांच्या मधली जागा काळीकुट्ट दिसते. तिथे काहीच नाही, असं आपण धरून चालतो. विज्ञानाच्या इतिहासात मात्र या काळोखाची साक्ष काढली गेली, आणि ती काढणाऱ्यांपैकी एक, रामनाथ कौशिक, नागपुरात १९४० साली जन्मले.

१९३३मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा समूहातल्या दीर्घिका फार वेगाने फिरताना आढळल्या. दिसणाऱ्या वस्तुमानाच्या बळावर तो समूह टिकलाच नसता. मग त्याला बांधून ठेवणारं न दिसणारं द्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, कसलं बनलंय?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या कौशिक यांनी १९७२मध्ये मॅक्लेलंड यांच्यासोबत दाखवलं, की महास्फोटातून उरलेले न्यूट्रिनो जड असते, तर विश्वाचं प्रसरण आज दिसतं तसं झालं नसतं. पुढच्याच वर्षी दोघांनी सुचवलं: त्यांना थोडंसं वस्तुमान असेल, तर कोमामधलं हरवलेलं द्रव्य तेच असू शकेल.

पण हे कण फुटत असतील तर? फुटताना प्रकाश निघाला, तर आकाश थोडं उजळायला हवं; डोळ्यांना नाही, तर निदान उपकरणांना तरी ते कळायला हवं. १९७७मध्ये कौशिक यांनीच अवकाशातून येणाऱ्या प्रारणाच्या मोजमापांवरून न्यूट्रिनोंच्या अशा क्षयावर मर्यादा घातल्या. आपण पुढे आणलेल्या कणाची उलटतपासणीही त्यांनीच केली.

पुढे डेनिस शियामा यांनी हीच कल्पना उचलली. फुटणाऱ्या न्यूट्रिनोंचा अतिनील प्रकाश आकाशगंगेतल्या वायूचं आयनीभवन करतो, असं ते मांडत राहिले. १९९७मध्ये सोडलेल्या स्पेनच्या मिनिसॅट उपग्रहाने तो प्रकाश शोधला. सापडला नाही.

न्यूट्रिनो डार्क मॅटर म्हणून मागे पडले, पण तपासणीची रीत टिकली. डार्क मॅटर फुटून अदृश्य कणच निघाले, तरी गुरुत्वाकर्षण सैल पडेल आणि त्याच्या खुणा वैश्विक पार्श्वप्रारणात आणि दीर्घिकांच्या मांडणीत उमटतील. तशा ठळक खुणा सापडत नाहीत. म्हणून सगळं डार्क मॅटर असं फुटत असेल, तर त्याचं आयुष्य विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांच्या दहा पटींहून जास्त असायला हवं.

ते काय आहे, हे अजून कुणाला माहीत नाही. काय नाही, याची यादी मात्र दरवर्षी लांबतेय. नवेगावबांधच्या त्या काळोखाने त्यात आपली साक्ष केव्हाच दिली आहे.