खटक्याचा नाद, कळेचा स्पर्श : कळफलकाच्या इतिहासातील एक प्रश्न

मराठीत ज्या यंत्रावयवाला आपण खटका म्हणतो त्याचे नाव त्याच्या आवाजावरून पडलेले आहे. बंदुकीचा खटका, पेटीचा खटका, दिव्याचा खटका ह्या सर्व प्रयोगांत एकच अनुभव साठविलेला दिसतो : काहीतरी जागच्या जागी बसले वा सुटले, आणि त्याची ग्वाही कानाला मिळाली. ‘कळ’ हा शब्द मात्र बोटाच्या बाजूचा आहे. कळ दाबावयाची असते, फिरवावयाची असते. ती वाजलीच पाहिजे असे तिच्या नावात कोठेही नाही. कळफलकाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे ह्या दोन शब्दांनी सुचविलेल्या दोन गोष्टींची, म्हणजे नादाची आणि स्पर्शाची, फारकत कशी झाली आणि पुढे त्यांना पुन्हा एकत्र आणण्याचे कोणते प्रयत्न झाले, त्याचा इतिहास होय, असे म्हणावयास हरकत नाही.

हा प्रश्न आमच्यापुढे निव्वळ जिज्ञासेपोटी आला नाही. आमच्या विभागात बोलींच्या ध्वनिमुद्रणांचे लिप्यंतर करणारे चार साहाय्यक एकाच खोलीत बसतात. त्यांचे जुने कळफलक बदलावयाचे ठरले, तेव्हा बाजारातील यांत्रिक कळफलकांपैकी कोणते घ्यावे ह्याचा निर्णय करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. दुकानदार खटक्यांना रंगांची नावे देतात आणि आयुष्याचे आकडे कोटींत सांगतात. त्या नावांचा आणि आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी थोडे मागे जावे लागले.

क्रिस्टोफर शोल्स आणि त्याचे सहकारी ह्यांना टंकयंत्राचे एकस्व १८६८ मध्ये मिळाले आणि रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ मध्ये बाजारात आणले. ह्या यंत्रात बोटाचा जोर दांड्यांच्या साखळीतून थेट अक्षराच्या ठशापर्यंत जातो. ठसा फितीवर आपटतो, फीत कागदावर, आणि कागद रुळावर. म्हणजे येथे आवाज हा कामाचा सोबती नसून कामच आहे. तो वजा करावयाचा तर आघातच वजा करावा लागतो. ह्या शतकापूर्वीच्या शतकात अमेरिकेत ‘नॉइझलेस’ ह्या नावाची टंकयंत्रे निघाली, त्यांत नेमके हेच करावे लागले : ठसा कागदावर आपटण्याऐवजी दाबला जाई. कचेऱ्यांतून आवाजाविषयीची तक्रार किती जुनी आहे हे ह्या एका नावावरूनही ध्यानी येईल.

देवनागरी टंकयंत्रात ह्या नादाला आणखी एक अंग होते, आणि भाषेच्या अभ्यासकाला ते अधिक मोलाचे वाटते. मर्यादित कळांत आपली लिपी बसवावयाची म्हणून अक्षरे फोडण्यात आली. ‘ग’, ‘ण’, ‘श’ ह्यांसारख्या अक्षरांचे अर्धे रूप एका कळेवर आणि काना दुसऱ्या कळेवर. अनुस्वार आणि वरखाली लागणाऱ्या मात्रा-उकार ह्यांच्या कळा ‘अचल’ ठेविल्या होत्या. त्या दाबल्या असता ठसा उमटे, परंतु गाडी पुढे सरकत नसे. साहजिकच ठशाचा आवाज होई, पण गाडी एक घर सरकल्याचा आवाज होत नसे. सरावलेल्या टंकलेखकाच्या कानाला मात्रा आणि व्यंजन ह्यांतला भेद अशा रीतीने ऐकू येई. व्याकरणाने जो भेद शिकवावयाचा तो यंत्र नकळत शिकवीत होते, हे आम्हांला मोठे गमतीचे वाटते. गोदरेज कंपनीने १९५५ पासून टंकयंत्रे बनविण्यास आरंभ केला आणि २००९ मध्ये ते उत्पादन थांबले. तोवर महाराष्ट्रातील किती तरी कचेऱ्यांतून हा दुहेरी नाद ऐकू येत होता.

फारकतीची पहिली पायरी म्हणजे आय. बी. एम. कंपनीचे १९६१ चे ‘सिलेक्ट्रिक’ विद्युत्-टंकयंत्र. त्यात अक्षरांचा एक गोल मोटारीच्या बळावर फिरे आणि कागदावर आदळे; बोटाने फक्त इशारा द्यावयाचा. आवाज अजून होता, पण तो बोटाचा राहिला नव्हता. पुढे १९७० च्या दशकात पडद्याला जोडलेले कळफलक आले तेव्हा कागद गेला, ठसा गेला, आणि आवाजाला कारणच उरले नाही. अशा वेळी ह्याच कंपनीने काय केले ते पाहण्यासारखे आहे. ३२७८ सारख्या त्यांच्या काही पडदायंत्रांच्या कळफलकांत एक लहानसा विद्युत्-चुंबकीय ठोकळा बसविलेला होता. कळ दाबली की तो पेटीच्या आत ठोका देई. त्या ठोक्याने कोणतेही अक्षर उमटत नसे. कळ लागू पडली एवढेच तो सांगत असे. टंकलेखकाला पुराव्याची सवय होती, आणि पुरावा नाहीसा झाल्यावर तो कृत्रिमपणे पुरवावा लागला.

ह्या कृत्रिमतेवर रिचर्ड हॅरिस ह्या आय. बी. एम. मधील अभियंत्याने जो तोडगा काढला तो आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर भाग आहे. त्याचे एकस्व १९७८ चे. कळेखाली एक उभी स्प्रिंग असते. कळ दाबीत गेले की ती आखडत जाते, आणि एका विशिष्ट क्षणी सरळ उभी राहण्याचे सामर्थ्य संपून एकदम बाजूला वाकते. ह्या वाकण्याने तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. बोटाखालचा विरोध अकस्मात कमी होतो; स्प्रिंग नळीच्या भिंतीवर आपटून खट्‌कन आवाज होतो; आणि तळाची तरफ कलंडून कळ लागू पडते. नाद, स्पर्श आणि कार्य ह्यांचा क्षण येथे पुन्हा एक झाला, आणि तोही एका साध्या तारेच्या स्वभावातून. १९८१ च्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेल्या कळफलकात ही स्प्रिंग होती. १९८५ च्या सुमारास आलेल्या ‘मॉडेल एम’ मध्ये खालचा भाग स्वस्त केला, तरी स्प्रिंग तीच राहिली. हा कळफलक दोन किलोंहून अधिक भरतो. ह्या यंत्रांपैकी पुष्कळशी आजही चालतात. मात्र त्यांची पोलादी पाटी धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुंट्या काळाने तुटतात, हे त्यांच्या भक्तांनी सहसा न सांगितलेले सत्य आहे.

जर्मनीत प्रश्न निराळा होता. कळफलकाची मधली ओळ मेजापासून ३० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी असा आग्रह तेथील मानकांनी धरला, आणि त्यासाठी बुटका खटका हवा होता. चेरी कंपनीचा ‘एम. एक्स.’ खटका १९८० च्या दशकात ह्या गरजेतून पुढे आला. आज बाजारात ज्या रंगांची चर्चा चालते ते रंग मुळात ह्या खटक्यातील दांड्याचे होत. दांडा ४ मिलिमीटर खाली जातो आणि सुमारे अर्ध्या वाटेवर दोन सोनेरी संपर्कपट्ट्या जुळतात. काळा आणि लाल हे सरळ खटके. त्यांत वाटेत काहीच जाणवत नाही. काळ्याला सुमारे ६० ग्रॅम भाराइतका जोर लागतो, लालला ४५. तपकिरी खटक्यात वाटेवर एक लहानसा उंचवटा जाणवतो, आवाज मात्र मुद्दाम केलेला नसतो. निळा खटका वाजतो.

पण तो का वाजतो, हे विचारले पाहिजे. निळ्या खटक्याचा दांडा दोन तुकड्यांचा असतो. त्यांपैकी सैल तुकडा उडून खाली आपटतो व त्याचा टक् असा आवाज होतो. संपर्क जुळविण्याचे काम आणि आवाज करण्याचे काम जवळपास एकाच जागी घडते खरे, परंतु ते एकच काम नव्हे. शिवाय कळ पुन्हा लागू होण्यासाठी ती ज्या उंचीपर्यंत परतावी लागते ती उंची लागू पडण्याच्या उंचीहून बरीच वर आहे. त्यामुळे तीच कळ भरभर दोनदा दाबताना बोटाला अडखळल्यासारखे होते. हॅरिसच्या स्प्रिंगेत नाद हा पुरावा होता, निळ्या खटक्यात तो बव्हंशी अलंकार झाला. तपकिरी खटक्याविषयी आमचे मत असे की त्याचा उंचवटा इतका पुसट आहे की चार दिवसांनी बोट त्याला विसरते.

१९९० च्या दशकात रबरी घुमटाच्या स्वस्त कळफलकांनी ह्या सर्वांना मागे सारले. त्यांत घुमट पुरता दबल्याखेरीज संपर्क होत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराला कळ तळापर्यंत न्यावी लागते. पुढे चेरीच्या मूळ एकस्वाची मुदत संपल्यावर कैल्ह, गेटरॉन आदी चिनी उत्पादकांनी त्याच आकाराचे खटके नाना प्रकारांनी बनविले आणि यांत्रिक कळफलक सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला. रंगांची भाषा तेव्हापासून सैल झाली आहे. एकाचा तपकिरी तो दुसऱ्याचा तपकिरी असेलच असे नाही.

आता निवडीकडे वळू. कळफलकाच्या आवाजाचे दोन उगम असतात आणि ग्राहक त्यांची गल्लत करतो. एक आवाज खटक्याच्या आतला, निळ्यासारखा. दुसरा कळ तळाला जाऊन आदळण्याचा आणि वर येऊन थडकण्याचा. दुसरा आवाज लाल खटक्यालाही आहेच. म्हणून ‘सरळ खटका म्हणजे शांत खटका’ हा समज चुकीचा ठरतो. खरोखर शांतता हवी असेल तर दांड्याच्या टोकांना मऊ गादी लावलेले मूक खटके घ्यावे लागतात. त्यांत तळाचा स्पर्श थोडा ओलसर वाटतो, ही त्यांची किंमत. आमच्या खोलीत माणसे दिवसभर कानाला यंत्र लावून मालवणीतील अनुनासिक ऐकत असतात. तेथे चार निळे खटके वाजू देणे म्हणजे मूळ पुराव्यावर ह्या अलंकाराचा मारा करणे झाले असते.

स्पर्शाची परीक्षा दुकानात तर्जनीने एखादी कळ दाबून करतात. मराठीपुरती ही परीक्षा निरुपयोगी आहे, आणि ह्याचे कारण आपल्या लिपीत आहे. इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वरचिन्हे डाव्या हाताला व बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. पाय मोडण्याचे चिन्ह मधल्या ओळीत डाव्या मधल्या बोटाखाली, आणि काना त्याच बोटाच्या वरच्या ओळीत. परिणामी जोडाक्षर आले की ते बोट, आकार आला की तेच बोट. ‘महाराष्ट्र’ हा शब्द लिहावयास दहा आघात लागतात. त्यांपैकी चार ह्या एकाच बोटाचे. ‘विद्यार्थ्यांना’ ह्या शब्दाच्या पंधरा आघातांपैकी सहा. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या कोणत्याही सल्ल्यात ह्या बोटाचा विचार असणे शक्य नाही. दुकानात जाऊन ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द वीस वेळा लिहावा आणि डाव्या मधल्या बोटाला विचारावे; ६० ग्रॅमचा खटका तेथे लवकर उघडा पडतो. जुन्या रेमिंग्टन मांडणीवर तयार झालेल्यांच्या बोटांचा हिशेब अर्थात वेगळा निघेल.

राहता राहिला टिकाऊपणा. उत्पादक रबरी कळफलकांना पन्नास लाख ते एक कोटी आघातांचे आयुष्य सांगतात, यांत्रिक खटक्यांना पाच कोटींचे. चेरीने २०१९ पासून काही खटक्यांना दहा कोटींचे सांगितले. एक साधे गणित करू. रोज १५,००० आघात आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४५ लाख आघात होतात. त्यांतला दहावा हिस्सा एकट्या कान्याच्या कळेवर आला असे मानले तर वर्षाला साडेचार लाख. पाच कोटींना ह्याने भागिले असता एकशे अकरा वर्षे येतात! पाच कोटी की दहा कोटी ह्या वादात मग कोणाही मर्त्य टंकलेखकाला रस असण्याचे कारण नाही. खटका झिजून क्वचितच मरतो. तो मरतो धुळीने, दमट हवेने आणि सांडलेल्या चहाने.

मरण्यापूर्वी तो एक खोडी करतो. धातूच्या दोन पट्ट्या जुळताना क्षणभर थरथरतात. कळफलकातील नियंत्रक काही मिलिसेकंद थांबून ती थरथर वगळतो. संपर्क मळला की थरथर लांबते, नियंत्रकाची मर्यादा ओलांडते, आणि एका दाबात दोन अक्षरे उमटतात. इंग्रजीत ती तत्काळ दिसतात. मराठीत व्यंजन दुप्पट झाले तर दिसते, परंतु अनुस्वार दुप्पट झाला तर काही टंकांत दोन टिंबे एकमेकांवर बसतात आणि पडद्यावर एकच दिसते. आमच्या एका जुन्या यांत्रिक कळफलकावर नेमके हेच होत होते, आणि कित्येक महिने कोणाच्या लक्षात आले नाही. डोळ्यांना निर्दोष दिसणारे शब्द शोधात सापडत नव्हते. कोकणातील बोलींच्या अनुनासिक रूपांची गणना त्यामुळे कमी भरत होती, आणि आम्ही त्या कमतरतेचे भाषाशास्त्रीय कारण शोधीत बसलो होतो.

म्हणून आयुष्याच्या आकड्याऐवजी आम्ही दुसराच निकष लावला : खटका डाग न देता चिमट्याने उपसून बदलता येतो की नाही. अशा बैठकीचे कळफलक आता सर्रास मिळतात. टोप्या साध्या ए. बी. एस. प्लॅस्टिकच्या नकोत, पी. बी. टी. च्या हव्यात, कारण पहिल्या प्रकारच्या टोप्या वर्षभरात बोटांच्या घर्षणाने गुळगुळीत चकाकू लागतात. अखेरीस चारही मेजांवर गादी लावलेले, सौम्य उंचवट्याचे, सुमारे ४५ ग्रॅमचे खटके आले. चार साहाय्यकांपैकी एकीने त्यांना आठवड्याभरातच नापसंत केले व स्वतःच्या कळफलकातील सर्व खटके बदलून सरळ बसविले. बैठक बदलती असल्यामुळे त्याला पाऊण तास लागला, आणि दुसऱ्या कोणाला त्रास झाला नाही. कान्याच्या आणि पाय मोडण्याच्या कळांसाठी प्रत्येकी दोन जादा खटके कपाटात ठेविले आहेत. जुन्या लिप्यंतरांतील दुहेरी अनुस्वार शोधून काढण्याचे काम मात्र अद्याप चालू आहे. ते पुरे होईपर्यंत मालवणीच्या अनुनासिकांविषयीची आमची आधीची कोष्टके कोणी आधारभूत मानू नयेत.