साक्ष जिथे थांबते

धाराशिवच्या जिल्हा परिषदेत ‘पीआरसी येणार’ ही बातमी पोचली की इमारतीचा नूर बदलतो. पीआरसी म्हणजे विधिमंडळाची पंचायत राज समिती. कपाटांतल्या फायली टेबलावर येतात, लेखापरीक्षणातले जुने आक्षेप पुन्हा वाचले जातात, रजेवर गेलेल्यांना बोलावणे धाडले जाते. कळंबचा गटविकास अधिकारी असो की उमरग्याचा अभियंता, पाझर तलावावर पैसा कसा खर्च झाला आणि शाळेची नवी खोली इतक्यात का गळू लागली, हे आमदारांसमोर बसून सांगावे लागते. याला साक्ष म्हणतात. शब्द न्यायालयातला आहे आणि इथेही त्याचे वजन तेवढेच आहे. लोकांनी निवडून दिलेला माणूस विचारतो आणि लोकांच्या पैशावर काम करणारा उत्तर देतो. लोकशाही म्हणून जे काही आपण जपतो, त्यातली ही मला सर्वात मोलाची गोष्ट वाटते.

गावच्या विकास सोसायटीचेही लेखापरीक्षण होते. मग फोन ऐकण्याची, माणसावर पाळत ठेवण्याची, देशाच्या सीमेपलीकडे हेर धाडण्याची ताकद ज्यांच्या हाती आहे, त्यांची साक्ष कोण घेते?

हा प्रश्न दिल्लीचा वाटतो, पण त्याची एक वाट आपल्याच जुन्या जिल्ह्यातून निघते. केंद्रातल्या प्रत्येक मंत्रालयावर संसदेची स्थायी समिती असावी, ही व्यवस्था ज्या लोकसभाध्यक्षांच्या काळात उभी राहिली ते शिवराज पाटील चाकूरकर. चाकूर आज लातूर जिल्ह्यात आहे. पण लातूर जिल्हाच मुळी १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून, वेगळा झाला. पाटील १९८० मध्ये पहिल्यांदा लोकसभेवर गेले तेव्हा लातूर आपल्या जिल्ह्याचाच भाग होते. लातूरचे नगराध्यक्षपद, मग आमदारकी, विधानसभेचे अध्यक्षपद आणि १० जुलै १९९१ रोजी लोकसभेचे अध्यक्षपद, असा त्यांचा प्रवास. सभागृह चालवण्याचे शास्त्र ते मुंबईतच शिकून गेले होते.

समित्या त्याआधीही होत्या. लोकलेखा समिती १९२१ ची, अंदाज समिती १९५० ची, सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ ची. पण लोकलेखा समिती पैसा खर्च होऊन गेल्यावर बघते. मंत्रालयाचा पैसा मंजूर होण्याआधी तो कशासाठी हवा आहे हे कोणी खोलात जाऊन विचारायचे? सभागृहाला तेवढा वेळ नसे. ठरलेल्या दिवशी उरलेल्या सगळ्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर होत. त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात आणि ते आजही चालते. १९८९ मध्ये शेती, विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरण-वने अशा तीन विषयांवर समित्या नेमून एक प्रयोग झाला. पाटलांच्या काळात त्याची व्यवस्था झाली. ३१ मार्च १९९३ रोजी उपराष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि ८ एप्रिलपासून १७ स्थायी समित्या अस्तित्वात आल्या. प्रत्येकीत ४५ सदस्य, ३० लोकसभेचे आणि १५ राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. बैठक बंद दाराआड होते, म्हणून कॅमेऱ्यासाठी भाषण करण्याचा मोह उरत नाही आणि पक्षाचा व्हिपही तिथे चालत नाही.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर भूकंपाने हादरले. १९९३ म्हटले की आपल्याकडे ढिगारेच आठवतात, आणि ते तसेच असायला हवे. पण त्या वर्षी दिल्लीत आपल्या भागातल्या माणसाच्या हातून संसदेला एक नवे अंग मिळाले होते, याचीही आठवण ठेवायला हवी असे मला वाटते.

या समित्यांपैकी गृह मंत्रालयावरची समिती राज्यसभेच्या अखत्यारीत येते. पोलीस, निमलष्करी दले, सीमा, तुरुंग, आपत्ती यांवर तिने वर्षानुवर्षे अहवाल दिले. गृहसचिव तिच्यापुढे बसून उत्तरे देतात. गुप्तवार्ता विभाग, म्हणजे आयबी, याच मंत्रालयात येतो आणि त्याच्या तरतुदीचा आकडा अर्थसंकल्पात छापलेला असतो. पण त्या पैशातून कोणावर पाळत ठेवली, ती कायद्याला धरून होती का, चुकली तर कोणाला जाब विचारला, हे तपासण्याचे काम कोणत्याही समितीकडे सोपवलेले नाही. परदेशी हेरगिरी बघणारी ‘रॉ’ मंत्रिमंडळ सचिवालयात बसते; तिच्या खर्चाचा वेगळा आकडाही अर्थसंकल्पात दिसत नाही. शिवाय लोकसभेच्या कामकाज नियमांत २७० वा नियम आहे. समितीला माणसे, कागदपत्रे आणि दप्तर मागवण्याचा अधिकार तो देतो, आणि राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाध येईल असे म्हणून सरकार कागद नाकारू शकते, अशी सवलतही तोच देतो. आयबी आणि रॉच्या दारात साक्ष थांबते ती इथे.

गुपित राखायलाच हवे, हे मी मानतो. खबऱ्याचे नाव फुटले तर त्याचा जीव जातो. माझी तक्रार गुपिताबद्दल नाही. या यंत्रणांना स्वतःचा कायदाच नाही, हे मला बोचते. आयबी आपला जन्म २३ डिसेंबर १८८७ च्या एका सरकारी आदेशापासून मोजते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत ‘केंद्रीय गुप्तवार्ता व अन्वेषण विभाग’ असा आठवा विषय आहे. म्हणजे संसदेला कायदा करण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो वापरून आयबीचे अधिकार आणि मर्यादा ठरवणारा कायदा आजवर झालेला नाही. रॉची गोष्टही तशीच. २१ सप्टेंबर १९६८ रोजी आयबीचा परदेशी विभाग वेगळा काढून रामेश्वरनाथ काव यांच्या हाती दिला गेला. त्या वेळी गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. हेरखात्याचा एक मोठा हिस्सा गृह मंत्रालयातून निघून पंतप्रधानांच्या अखत्यारीत गेला, आणि त्यासाठी संसदेत विधेयक मांडण्याची गरज भासली नाही.

आणीबाणीनंतर दार किलकिले झाले होते. मे १९७७ मध्ये न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. आयबी आणि सीबीआय यांचा गैरवापर कसा झाला हे पाहण्यासाठी एल. पी. सिंह समितीही बसली. शहा आयोगाचे अहवाल लोकांपुढे आले, सिंह समितीचा आला नाही. जनता सरकार पडले आणि विषय बाजूला पडला. पुढे १९८५ मध्ये संसदेने गुप्तचर संघटनांसाठी एक कायदा केला खरा, पण तो तिथल्या कर्मचाऱ्यांनी संघटना करू नये आणि वृत्तपत्रांशी बोलू नये यासाठी. कर्मचाऱ्यांवर बंधने आली, यंत्रणेवर आली नाहीत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही या संस्था वगळल्या गेल्या. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन एवढ्या दोन बाबींपुरती फट राहिली.

दुसऱ्या देशांनी याच काळात काय केले ते बघावे. अमेरिकेत १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने सीआयए आणि एफबीआयची दप्तरे उघडली आणि १९७६ मध्ये सिनेटची कायम समिती झाली. ज्या ब्रिटिशांनी आपल्याला १८८७ चा तो आदेश दिला, त्यांनी स्वतःच्या हेरखात्यांना १९८९ आणि १९९४ मध्ये कायद्यात बसवले. १९९४ च्याच कायद्याने खासदारांची नऊ जणांची समिती आली आणि २०१३ मध्ये ती पुरती संसदेची झाली. तिथली हेरखाती त्यामुळे बंद पडली नाहीत. आपण मात्र त्यांनी टाकून दिलेली जुनी रीत अजून चालवत आहोत.

मे २००४ मध्ये पाटील गृहमंत्री झाले. ज्यांनी समित्यांची घडी बसवली, ते आता आयबीचे मंत्री. त्याच वर्षी जुलैत समित्या १७ वरून २४ झाल्या, सदस्य ४५ वरून ३१ वर आले. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल आणि मंत्रिगटाच्या शिफारशी येऊन गेल्या होत्या. नव्या संस्था उभ्या राहत होत्या. देखरेखीची व्यवस्था मात्र पाटलांच्या साडेचार वर्षांतही उभी राहिली नाही. आपल्या माणसाबद्दल हे लिहिताना मला वाईट वाटते, पण ती संधी त्यांच्या हातून गेली असे माझे मत आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला आणि ३० नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबई पोलिसांचे कामकाज तपासले. केंद्रीय गुप्तचर यंत्रणा तिच्या कक्षेत नव्हत्या. सूचना कुठून आली, कुठे अडकली, तिचे गांभीर्य कोणी ओळखले नाही, ही साखळी सलग तपासायला संसदेची समिती हवी होती. ती असती तर १६६ मृतांच्या कुटुंबांना निदान एक पूर्ण उत्तर मिळाले असते.

नंतर आवाज उठले. जानेवारी २०१० मध्ये उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी काव स्मृती व्याख्यानात, म्हणजे रॉच्याच व्यासपीठावर, संसदेच्या देखरेखीची गरज स्पष्ट मांडली. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणले: यंत्रणांना कायदा, संसदीय समिती आणि तक्रारींसाठी न्यायाधिकरण. ते पुढे सरकले नाही. २०१६ मध्ये याच मागणीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

मुंबईचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीचा २०१८ चा अहवाल मला या सगळ्यात सर्वात बोलका वाटतो. विषय होता माहितीची गोपनीयता. पण श्रीकृष्णांनी फोन ऐकण्याच्या आदेशांचा हिशेबही मांडला. केंद्राकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश निघत होते, आणि ते तपासणारी आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. म्हणजे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश. त्या समितीत सगळे सचिवच आहेत. खासदार नाही, न्यायाधीश नाही. सरकारचा आदेश सरकारच तपासते. २०२३ मध्ये तार कायद्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा आला आणि ही रचना तशीच पुढे गेली.

आपल्या जिल्ह्याने बंद कागदाची किंमत मोजली आहे, म्हणून मला हे इथून लिहावेसे वाटते. रझाकारांचा जाच ज्यांनी सोसला त्यांच्या आठवणी घराघरांत आहेत. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज नळदुर्गावर आली आणि पाच दिवसांत निजामी संपली. पण त्यानंतरच्या आठवड्यांत निरपराध मुसलमानांवर जे गुदरले त्याची चौकशी करण्यासाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांचे मंडळ पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले आणि सर्वात होरपळलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबादचे नाव लिहिले. बाकीचे तीन गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर गावातल्या कत्तलीची नोंदही त्यात आहे. अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्याचे काही भाग अभ्यासकांच्या हाती लागत राहिले. पूर्ण कागद दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात सामान्य वाचकाला बघायला मिळाला तो २०१३ च्या सुमारास.

१९४८ च्या थंडीत आपल्या एखाद्या गावात वीस वर्षांच्या कोणी बाईने त्या मंडळापुढे आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगितले असेल, तर तिची साक्ष वाचायला मिळाली तेव्हा ती पंच्याऐंशी वर्षांची झालेली असणार.