सिबुआनो भाषेचे कोश : प्रकृती, प्रत्यय आणि अर्थनिर्देश

फिलिपीन द्वीपसमूहातील सेबू व बोहोल ही बेटे, नेग्रोसचा पूर्व भाग, लेयटेचा पश्चिम भाग आणि मिंदानाओचा मोठा प्रदेश एवढ्या विस्तृत क्षेत्रात बोलली जाणारी भाषा बाहेरच्या जगात ‘सिबुआनो’ या नावाने ओळखली जाते. हे नाव स्पॅनिश घडणीचे आहे. भाषक स्वतः तिला ‘बिनिसाया’ किंवा ‘सिनुग्बुआनोन’ म्हणतात. ‘बिसाया’ या लोकनामातील पहिल्या व्यंजनानंतर ‘इन’ हा मध्यप्रत्यय घातला की ‘बिनिसाया’ हा शब्द सिद्ध होतो. ‘सुग्बू’ या सेबूच्या जुन्या नावात तोच मध्यप्रत्यय घालून शेवटी ‘आनोन’ जोडला की ‘सिनुग्बुआनोन’ तयार होते. अशा भाषेचा कोश रचणाऱ्यापुढे पहिल्याच पानावर प्रश्न उभा राहतो : शब्द जसा उच्चारला जातो तसा नोंदवावा, की त्याच्या पोटातील प्रकृती वेगळी काढून तिच्याखाली नोंदवावा? या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांचा इतिहास म्हणजेच सिबुआनो कोशरचनेचा इतिहास होय. आणि प्रत्येक उत्तर ‘कोश कोणासाठी?’ या प्रश्नाशी निगडित आहे.

या भाषेची युरोपीय हाताने झालेली पहिली नोंद १५२१ मधील आहे. मॅजेलनच्या सफरीतील आंतोनियो पिगाफेत्ता याने सेबू येथे शब्दांची एक यादी टिपून घेतली. शरीराचे अवयव, सोने, आले, तांदूळ, एक ते दहा हे अंक असे तिचे स्वरूप आहे. किनाऱ्यावर उतरलेल्या परक्याला बोट दाखवून जे विचारता येते आणि देवघेवीत जे लागते, ते तीत आले. प्रत्ययांचा विचार तीत नाही, आणि तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. परंतु शब्दाशेजारी परभाषेतील एक शब्द ठेवला की अर्थ सांगून झाला, ही जी समजूत अशा यादीच्या मुळाशी असते, ती पुढेही दीर्घकाळ टिकून राहिली.

१५६५ मध्ये लेगास्पीने सेबू येथे वसाहत स्थापन केल्यानंतर भाषेचा अभ्यास धर्मोपदेशकांच्या हाती गेला. प्रवचन करावयाचे व पापनिवेदन ऐकावयाचे, तर सुटे शब्द पुरेसे नव्हते. वाक्य समजणे आवश्यक होते. लॅटिन व्याकरणाच्या शिस्तीत वाढलेल्या या मंडळींना असे आढळले की येथे कर्मणी प्रयोग एक नसून तीन आहेत. फ्रान्सिस्को ब्लांकास दे सान होसे याच्या टागालोग व्याकरणापासून (१६१०) फिलिपीन भाषांच्या विवेचनात हा विचार रूढ झाला. ‘पालित’ (विकत घेणे) या सिबुआनो प्रकृतीवरून तो स्पष्ट होईल. ‘मोपालित’ या रूपात घेणारा प्रधान असतो. ‘पालितोन’ म्हटले की घ्यावयाची वस्तू प्रधान होते, ‘पालितान’ म्हटले की ज्याच्याकडून वा जेथून घ्यावयाचे तो प्रधान होतो, आणि ‘इपालित’ म्हटले की ज्या पैशाने घ्यावयाचे तो पैसा प्रधान होतो. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर कर्म, अपादान वा अधिकरण आणि करण ही कारके येथे क्रियापदावरील प्रत्ययानेच अभिहित होतात.

सिबुआनोपुरते पाहता फ्रान्सिस्को एन्सिना याचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १८०१ मध्ये छापले गेले, आणि हुआन फेलिक्स दे ला एन्कार्नासिओन याचा बिसाया-स्पॅनिश कोश १८५१ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषेचे गमक प्रकृती व प्रत्यय यांच्या संबंधात आहे, ही धर्मोपदेशक-परंपरेची जाण मोलाची होती. मात्र तिचा लाभ ज्याला व्याकरण आधीच अवगत आहे त्यालाच होई.

याचे कारण असे की प्रत्यय लागताना प्रकृती पुष्कळदा झाकली जाते. ‘मामालित’ म्हणजे खरेदीला जाणे. येथे ‘पालित’ मधील प-काराच्या जागी म-कार आला आहे. ‘पानिमालाय’ म्हणजे घरसंसार. त्याची प्रकृती ‘बालाय’ (घर), आणि येथे ब-काराचाही म-कारच झाला आहे. म्हणून म-कार दिसला की मूळ वर्ण कोणता, हे रूपावरून कळत नाही. ‘पाताय’ (मृत) या एकाच प्रकृतीपासून ‘पात्योन’ (मारले जाणे) हे स्वरलोपयुक्त रूप होते आणि ‘कामातायोन’ (मृत्यू) हेही होते. वर्णानुक्रमाने नोंदवल्यास हे सगे शब्द एकमेकांपासून दूर पडतात. प्रकृतीखाली नोंदवल्यास ते एकत्र येतात, पण नवशिक्याला सापडत नाहीत. कोशकाराला यांतील एक गैरसोय पत्करावीच लागते.

याहून गंभीर अडचण अर्थनिर्देशाची आहे. सिबुआनो प्रकृतीला बहुधा नाम वा क्रियापद अशी जात स्वतःहून नसते; प्रत्यय आणि वाक्यातील स्थान ती ठरवतात. इंग्रजी अर्थ देताना मात्र कोशकाराला जात निवडावीच लागते. ‘उलान’ पुढे ‘पाऊस’ लिहिले की ‘नाउलानान’, म्हणजे पावसात सापडलेला, हा अर्थ प्रत्ययांच्या सामान्य नियमाने अंशतः उलगडतो. परंतु ‘काओन’ (खाणे) पासून झालेल्या ‘कान-ओन’ चा व्युत्पत्तिप्राप्त अर्थ ‘खावयाचे ते’ असला, तरी रूढ अर्थ ‘शिजवलेला भात’ एवढाच आहे. ‘अद्’ धातूपासून सिद्ध झालेला ‘अन्न’ हा शब्द ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना या अर्थसंकोचाचे आश्चर्य वाटणार नाही. तात्पर्य, प्रकृतीचा अर्थ आणि प्रत्ययाचा अर्थ यांची बेरीज म्हणजे साधित शब्दाचा अर्थ, हे गणित सर्वत्र जमत नाही.

विसाव्या शतकात या प्रश्नाला नवे वळण मिळाले. लेनर्ड ब्लूमफील्ड याने १९१७ मध्ये टागालोगचे जे विश्लेषण केले, त्यात कर्तरी व तीन कर्मणी ही व्यवस्था लॅटिनच्या साच्यातून सोडवून भाषेच्या अंगभूत रचनेवर उभी केली. जॉन वुल्फ याने सिबुआनोच्या बाबतीत तीच दृष्टी कोशात उतरवली. त्याचा द्विखंडात्मक कोश १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २५,००० नोंदी आहेत. नोंदी प्रकृतीनुसार असून कोणती प्रकृती कोणते प्रत्यय घेते हे सांकेतिक अक्षरांनी व अंकांनी दर्शविले आहे, आणि अर्थ उदाहरणवाक्यांनी स्थिर केला आहे. प्रत्ययांनाही स्वतंत्र नोंदी आहेत. येथे इंग्रजी प्रतिशब्द हा अर्थ न राहता अर्थाकडे नेणारी खूण बनतो, हे या कोशाचे विशेष श्रेय होय. तथापि संकेतांची ती प्रणाली आत्मसात करणे सामान्य वाचकाला सोपे नाही.

हा सामान्य वाचक कोण, हा प्रश्न शेवटी उरतोच. १९०१ पासून फिलिपीनमधील सरकारी शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. १९३७ मध्ये राष्ट्रभाषेचा आधार म्हणून टागालोगची निवड झाली. १९५० नंतरच्या काही दशकांत मातृभाषकांची संख्या टागालोगहून अधिक असूनही सिबुआनो वर्गाबाहेरच राहिली. २०१२ पासून प्राथमिक वर्गांत तिला माध्यमाचे स्थान लाभले, परंतु २०२४ च्या कायद्याने त्या धोरणाची सक्ती संपुष्टात आली. खलाशी, धर्मोपदेशक आणि परदेशी संशोधक या तिघांनीही आपापल्या गरजेचा कोश मिळवला. ज्या मुलाच्या जिभेवर ‘पानिमालाय’ सहज येतो, त्याला त्या शब्दात दडलेले ‘बालाय’ दाखवून देणारा शालेय कोश ही गरज मात्र वेगळी आहे. अशा मुलाला प्रकृती शोधण्याचे नियम परक्याप्रमाणे पाठ करावे लागत नाहीत, कारण ते त्याला बोलताना अवगतच असतात. ते त्याच्या ध्यानात आणून देणे एवढेच कोशाचे काम उरते. प्रकृतीनुसार रचना ही परक्याला अडसर ठरली, तरी भाषकाला ती स्वतःच्या ज्ञानाची ओळख ठरू शकते. साडेचारशे वर्षांच्या या परंपरेतून निघणारा हा निष्कर्ष प्रत्ययबहुल अशा कोणत्याही भाषेच्या कोशकाराने विचारात घेण्याजोगा आहे.