सुरचित भरण
ऊर्ध्वपातन स्तंभात बाष्प व द्रव यांचा निकट संपर्क घडविण्यासाठी ठरावीक भूमितीत रचलेले तारजाळीचे किंवा पन्हळी पत्र्यांचे थर (पहा : ऊर्ध्वपातन). स्वित्झर्लंडमधील सुल्झर कंपनीने १९६०च्या दशकात तारजाळीचे, तर १९७०च्या दशकात त्याहून स्वस्त अशा पत्र्याचे भरण प्रचारात आणले. ‘मेलापॅक २५० वाय’ या प्रकारात दर घ.मी.ला सु. २५० चौ.मी. पृष्ठभाग मिळतो, पन्हळी ४५° तिरप्या असतात व लगतच्या पत्र्यांत त्या परस्परांना छेदतात. प्रत्येक थर खालच्या थराशी ९०° फिरवून बसवितात.

थरांच्या सांध्यापाशी बाष्पाला एकदम वळावे लागते. तेथेच द्रव साचून स्तंभ तुंबू लागतो. म्हणून नंतरच्या प्रकारांत पन्हळींची टोके वळवून उभी केली. त्यामुळे बाष्पाच्या दाबातील घट (दाबघट) कमी होऊन क्षमता वाढली. पत्र्यावरील छिद्रे व बारीक खाचांमुळे द्रव पातळ पसरतो. मात्र भरणावर द्रव वाटणाऱ्या वितरकातून तो असमान पडल्यास उत्तम भरणाचीही कार्यक्षमता ढासळते. वितरक समपातळीत बसविणे त्यामुळे अत्यावश्यक ठरते.

दाबघट अल्प असल्याने निर्वात ऊर्ध्वपातन, स्टायरीन शुद्धीकरण व हवेचे विलगीकरण यांत हे भरण विशेष उपयुक्त असते. उच्च दाबाखाली मात्र पुष्कळदा भरणापेक्षा तबकड्याच सरस ठरतात (पहा : तबकडी स्तंभ).