बत्तीस शब्द आणि एक ताळा



शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, तू तुझ्या विषयातलं काही लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं. म्हणून ज्या भाषेवर माझं पोट चाललं, त्या ‘सी’ या संगणकभाषेचा थोडा इतिहास लिहिते. त्यात आपली शाळा कुठे येते, ते पुढे कळेल.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये 1972 च्या सुमारास डेनिस रिची यांनी ही भाषा घडवली. त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांची आधीची भाषा ‘बी’, म्हणून हिचं नाव ‘सी’. तोवर संगणकाचा मूळ कारभार चालवणारे प्रोग्रॅम बहुतेक त्या-त्या यंत्राच्या बोलीत लिहिले जात. यंत्र बदललं की सगळं पुन्हा लिहा. 1973 साली युनिक्स ही कार्यप्रणाली ‘सी’मध्ये नव्याने लिहिली गेली आणि पुढे ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणं सोपं झालं. 1978 मध्ये ब्रायन कर्निघन आणि रिची यांचं पुस्तक आलं. 1989 मध्ये अमेरिकेत भाषेचं प्रमाणरूप ठरलं, त्यात राखीव शब्द होते फक्त बत्तीस.

बत्तीस! आपल्याला इंग्रजी पाचवीपासून होतं (पहिलीपासून इंग्रजी राज्यात 2000 साली आलं), तरी सहावीपर्यंत आपले याहून कितीतरी जास्त शब्द पाठ झाले होते. पण हे मला फार उशिरा उमगलं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी मी शेवटच्या बाकावर गप्प बसायची. तास इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, शेजारच्या मुली फाडफाड बोलणाऱ्या. असोद्याच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीचं हे काम नाही, असं मनाने घेतलं होतं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ तेव्हा आमच्या सगळ्यांच्या पिशवीत असायचं. साध्या इंग्रजीतलं म्हणून तेवढंच जवळचं वाटायचं.

मग एक दिवस प्रयोगशाळेत क्रमगुणित काढायचा प्रोग्रॅम होता. टर्बो सीचा निळा पडदा, कंट्रोल-एफनाइन दाबलं की उत्तर. सातपर्यंत सगळ्यांचं बरोबर आलं, 5,040. आठ घातल्यावर माझ्या पडद्यावर आलं, उणे 25,216. शेजारच्या मुलीचंही तेच, म्हणून तिने ते वहीत उतरवून घेतलं. माझा हात मात्र थांबला. आपल्या गणिताच्या सरांची सवय आठवते ना? भागाकार बरोबर आला तरी ताळा केल्याशिवाय ते सही करत नसत. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. मी कागदावर आठ गुणिले 5,040 केलं, 40,320 आले. धन संख्यांच्या गुणाकारातून ऋण संख्या येईलच कशी?

त्या दिवशी मी पहिल्यांदा उठून प्रश्न विचारला, मोडक्या इंग्रजीत. उत्तर इतिहासात होतं. ‘सी’ वाढली ती पीडीपी-11 या 16 बिटांच्या यंत्रावर, आणि आमच्या टर्बो सीतही साध्या पूर्णांकाला तेवढीच जागा होती. त्या जागेत 32,767 पर्यंतच आकडे मावतात. त्यापुढे गेलं की गाडी वळून थेट उणे 32,768 वर येते. 40,320 मधून 65,536 वजा करून पाहा, उणे 25,216 च येतात. गणित चुकलं नव्हतं, भांडं लहान होतं.

तिथून भीती गेली. पुढचं सगळं अवघड शिक्षण मी ताळा करतच शिकले. ॲरेची मोजणी शून्यापासून का? कारण तो आकडा म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, आणि पहिलं घर शून्य अंतरावर. पॉइंटर म्हणजे काय? पोस्टमनच्या हातात घर नसतं, घराचा पत्ता असतो. कागदावर चौकोन काढायचे, पत्ते लिहायचे, बाण जुळतात का बघायचं. त्याहून पुढे, प्रोग्रॅमने मेमरीतली जागा मागून घेतली तर काम झाल्यावर ती परत करायची. किती वेळा घेतली, किती वेळा दिली, हिशेब जुळला पाहिजे. नाहीतर महिनोन्‌महिने चालणारं सॉफ्टवेअर हळूहळू जड होऊन बसतं.

फाइलचा धडा तर असोदेकराला वेगळा शिकवावाच लागत नाही. प्रोग्रॅम संपला की मेमरीतलं पुसलं जातं, राहतं ते लिहून ठेवलेलं. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतली नसती, तर 1951 साली ती त्यांच्याबरोबरच गेली असती. 1952 मध्ये पुस्तक निघालं म्हणून आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ जळगावात आहे.

आज नव्या मुलांना पायथॉन शिकवतात. ती 1991 साली आली. तिच्यात पूर्णांकाचं भांडं लागेल तसं मोठं होतं, आठचं क्रमगुणित कधीच ऋण येत नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात असे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. म्हणजे आमची अडचण बरीचशी सुटली. पण यंत्राने दिलेलं उत्तर खरं मानून वहीत उतरवायची सवय मात्र वाढलीय. आता तर यंत्रच अख्खा प्रोग्रॅम लिहून देतं. तो तपासायला शेवटी तोच कागद आणि तोच ताळा लागतो.

म्हणून एक विनंती. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर मी गावी आहे. आठवी-नववीच्या मुलामुलींना शाळेत रोज दोन तास प्रोग्रॅमिंग शिकवायची इच्छा आहे, मराठीत, पहिल्या ओळीपासून. शेवटच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलींना आधी पाठवा. आणि सर, तुम्ही एक दिवस जरूर या. ताळ्याचा धडा तुम्हीच घ्यायचा आहे.