शब्दकुल व शब्दसिद्धी, इंग्रजी

एका मूळ शब्दापासून उपसर्ग, प्रत्यय किंवा अन्य मार्गांनी तयार झालेल्या आणि रूपाने व अर्थाने परस्परांशी नाते राखणाऱ्या शब्दांचा समूह म्हणजे शब्दकुल. असे शब्द घडण्याची प्रक्रिया म्हणजे शब्दसिद्धी. ‘डेव्हलप’ या क्रियापदाच्या कुलात डेव्हलपर, डेव्हलपमेंट, डेव्हलपमेंटल, अंडरडेव्हलप्ड, रीडेव्हलपमेंट हे शब्द मोडतात. युरोपीय भाषा-चौकटीच्या (२००१) बी२ पातळीवरील, म्हणजे मध्यम पायरी ओलांडलेल्या विद्यार्थ्याच्या अभ्यासात या विषयाला मोठे स्थान आहे. प्रस्तुत नोंद मराठीतून व्याकरण शिकलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. उदाहरणे शक्य तेथे ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील रोजच्या व्यवहारातून घेतली आहेत.

अभ्यासाचा इतिहास : इंग्रजी शब्दसिद्धीचे पद्धतशीर वर्णन हान्स मार्चंड यांनी १९६० मध्ये ग्रंथरूपाने केले. अध्यापनाच्या अंगाने मायकेल वेस्ट यांचे काम पायाभूत आहे. ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केलेल्या वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० मूळ शब्दांची सूची प्रसिद्ध केली. लॉरी बावर व पॉल नेशन यांनी १९९३ मध्ये प्रत्ययांच्या सात पायऱ्या ठरवून शब्दकुलाची मर्यादा आखली. ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या सूचीत विद्यापीठीय वाचनासाठी ५७० शब्दकुले आहेत. कादंबरी किंवा वृत्तपत्र विनासायास वाचण्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुले लागतात, असा नेशन यांचा २००६ मधील अंदाज आहे. कुलातील एक शब्द येतो म्हणजे बाकीचे आपोआप येतात, या गृहीताविषयी मात्र मतभेद आहेत. नॉर्बर्ट श्मिट व शेरिल झिमरमन यांच्या २००२ च्या अभ्यासात परभाषक विद्यार्थ्यांना नाम व क्रियापद ही रूपे त्यातल्या त्यात येतात, विशेषण व क्रियाविशेषण मात्र अनेकदा येत नाही, असे आढळले.

महाराष्ट्रात : इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० सालापासून शिकवला जातो.

मराठी व्याकरणाशी सांधा : दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले. तेव्हापासूनच्या मराठी व्याकरणपरंपरेने विद्यार्थ्याच्या हाती एक तयार साधन ठेवले आहे. ते म्हणजे सिद्ध व साधित शब्दांचा आणि कृत् व तद्धित प्रत्ययांचा भेद. इंग्रजीच्या तासाला हे साधन क्वचितच बाहेर काढले जाते आणि विद्यार्थी प्रत्ययांच्या लांबलचक याद्या पाठ करीत बसतो. याद्यांपेक्षा हा भेद अधिक उपयोगी आहे. धातूला लागणारे ते कृत्. ‘टीच’पासून टीचर, ‘मूव्ह’पासून मूव्हमेंट, ‘रीड’पासून रीडेबल ही त्याची उदाहरणे. नाम किंवा विशेषणाला लागणारे ते तद्धित. ‘चाइल्ड’पासून चाइल्डहुड, ‘काइंड’पासून काइंडनेस, ‘डेंजर’पासून डेंजरस ही त्याची. समोर आलेला मूळ शब्द धातू आहे की नाम, हे आधी ओळखले की कोणता प्रत्यय संभवतो याची व्याप्ती निम्म्यावर येते. इंग्रजी ‘-अर’ मात्र दोन्हीकडे चालतो. टीचरमध्ये तो कृत् आहे, लंडनरमध्ये तद्धित. मराठीत या दुसऱ्या कामाला ‘-कर’ आहे : बदलापूरकर, अंबरनाथकर.

जिवंत आणि गोठलेले प्रत्यय हा भेदही दोन्ही भाषांत आहे. ‘-नेस’ आजही कोणत्याही नव्या विशेषणाला लागतो, तसा मराठीत ‘-पणा’ लागतो. ‘-थ’ हा जुना प्रत्यय नव्या शब्दांना लागत नाही, पण मोजमापाच्या शब्दांत टिकून आहे : लाँग–लेंग्थ, वाइड–विड्थ, डीप–डेप्थ. हाय–हाइट हे रूपही याच प्रत्ययाचे. मराठीतही याच चार अर्थांच्या शब्दांना एकच प्रत्यय लागतो : लांब–लांबी, रुंद–रुंदी, खोल–खोली, उंच–उंची. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कपाटाचे माप लिहून घेणारा कारागीर हा प्रत्यय दिवसभर वापरतो. त्याच्या मुलाला इंग्रजीतील चौकडी शिकवायची तर मराठीतील चौकडी शेजारी मांडावी.

शब्दांचे दोन थर : १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच व लॅटिन शब्दांचा लोंढा आला. त्यामुळे घरगुती नाम एका थरातले आणि त्याचे विशेषण दुसऱ्या थरातले अशा जोड्या तयार झाल्या : टूथ–डेंटल, सन–सोलर, माउथ–ओरल, टाउन–अर्बन. अशा जोडीत रूपसाम्य नसल्यामुळे बावर–नेशन यांच्या व्याख्येनुसार ती एका कुलात बसत नाही. शिकणाऱ्याने मात्र ती जोडीनेच लक्षात ठेवावी. मराठी माणसाला ही रचना परकी नाही. आपण ‘दात’ म्हणतो पण दंतवैद्याकडे जातो, ‘पाणी’ म्हणतो पण जलविद्युत लिहितो. तद्भव-तत्सम या शाळेतल्या धड्याची येथे थेट मदत होते.

उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यातील उदाहरणे : दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प, सेक्शन, बॅरॅक हे छावणीचे शब्द आजही तेथील पत्त्यांत आहेत. घरात सिंधी, बाजारात हिंदी, कचेरीत मराठी आणि पाट्यांवर इंग्रजी अशा या शहरात शब्दकुले रस्त्यावरच भेटतात.

(१) फर्निश-कुल : उल्हासनगरचे दोन प्रसिद्ध धंदे म्हणजे फर्निचर व जीन्स. ‘फर्निचर’ हा शब्द पुरवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाच्या घराण्यातला आहे. त्याच घराण्यातील ‘फर्निश’पासून फर्निशिंग, फर्निश्ड, अनफर्निश्ड, रिफर्निश हे शब्द होतात. बदलापुरातील सदनिकांच्या जाहिरातींत ‘सेमी-फर्निश्ड’ हे रूप सर्रास दिसते. कुलातील ‘फर्निचर’ हे नाम अगणनीय आहे. त्यामुळे ‘फर्निचर्स’ हे पाट्यांवरील रूप परीक्षेत चूक धरले जाते. जीन्सच्या कारखान्यातील कटिंग, स्टिचिंग, वॉशिंग, फिनिशिंग ही सारी ‘-इंग’ प्रत्ययाची कृदन्त नामे होत. यांतील ‘फिनिश’ आणि ‘फर्निश’ यांच्या शेवटचा ‘-इश’ एकाच फ्रेंच साच्यातून आला आहे. पनिश, पब्लिश, अबॉलिश यांतही तोच साचा आहे. या क्रियापदांची नामे मात्र एकसारखी होत नाहीत : पनिशमेंट, पब्लिकेशन, अबॉलिशन. प्रत्येकाचे नाम वेगळे शिकावे लागते.

(२) कायद्याच्या नावातील कुले : उल्हासनगरातील बेकायदा बांधकामांसाठी महाराष्ट्र विधिमंडळाने केलेल्या २००६ च्या कायद्याचे इंग्रजी नाव ‘महाराष्ट्र रेग्युलरायझेशन ऑफ अनऑथराइज्ड डेव्हलपमेंट्स इन द सिटी ऑफ उल्हासनगर ॲक्ट’ असे आहे. एका नावात तीन मोठी कुले आली आहेत. ‘रेग्युलर’ या विशेषणाला ‘-आइज’ लागून क्रियापद झाले आणि त्याला ‘-एशन’ लागून नाम झाले. ‘ऑथर’ या नामापासून ऑथराइज, त्याचे धातुसाधित ऑथराइज्ड आणि त्याला नकारार्थी ‘अन-’ लागून अनऑथराइज्ड. मराठीत अधिकार, अधिकृत, अनधिकृत ही चढण तशीच आहे. या कुलातील दोन शब्द बी२ पातळीवर हमखास गोंधळात टाकतात. ऑथॉरिटेटिव्ह म्हणजे जाणकाराच्या अधिकाराने बोलणारा, विश्वासार्ह. ऑथॉरिटेरियन म्हणजे हुकूमशाही वृत्तीचा. प्रत्यय बदलला की प्रशंसेची निंदा होते. इकॉनॉमिक–इकॉनॉमिकल, सेन्सिबल–सेन्सिटिव्ह, कन्सिडरेट–कन्सिडरेबल या जोड्यांनाही हेच सावधपण लागू आहे.

(३) रेल्वे : ‘लोकल’, ‘फास्ट’, ‘स्लो’ ही विशेषणे नामे म्हणून वापरली जातात (‘बदलापूर फास्ट गेली’). प्रत्ययाविना शब्दजाती बदलण्याच्या या प्रक्रियेला परिवर्तन म्हणता येईल. फलाटावरील ‘अनाउन्समेंट’ हा शब्द अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. अनाउन्सचे रोजच्या वापरातील नाम ‘-मेंट’ने होते, परंतु त्याच साच्यातील प्रोनाउन्स, रिनाउन्स, डिनाउन्स यांची नामे प्रनन्सिएशन, रिनन्सिएशन, डिनन्सिएशन अशी होतात. त्यांत मूळचा ‘आउ’ स्वर आखूड होतो. ‘प्रोनाउन्सिएशन’ ही चूक शिकलेल्यांच्याही तोंडी असते. गाडीतील ‘जरा ॲडजस्ट करा’ या विनंतीमागे ॲडजस्टमेंट, ॲडजस्टेबल, रीॲडजस्ट, मॅलॲडजस्टेड एवढे कुल उभे आहे. ‘अपडाउन करणे’ हा सामासिक शब्द इकडे घडलेला आहे. या अर्थी इंग्रजीत ‘कम्यूट’ व त्यापासून ‘कम्यूटर’ वापरतात.

नकारार्थी उपसर्ग : अन-, इन-, डिस-, नॉन-, मिस- हे प्रमुख. ‘अन-’ मूळ इंग्रजी, ‘इन-’ लॅटिन. ‘इन-’चा शेवटचा वर्ण पुढील वर्णाप्रमाणे बदलतो : इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. हा व्यंजनसंधीच आहे. उत् + लास = उल्लास, आणि त्यावरून मराठी उल्हास. उत् + लेख = उल्लेख. याच रीतीने इन् + लीगल = इल्लीगल. संधी शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘आय-एल, आय-आर, आय-एम’ची यादी घोकण्याचे कारण उरत नाही.

एक अपवाद जिवाशी निगडित आहे. अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत आणि ज्वालाग्राही द्रवांचे टँकर तेथे ये-जा करतात. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ या दोन्ही शब्दांचा अर्थ ‘चटकन पेट घेणारे’ असाच आहे. येथील ‘इन-’ नकाराचा नसून ‘आत’ या अर्थाचा आहे. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे, असा समज होऊन अपघात होऊ नये म्हणून सूचनाफलकांवर ‘फ्लेमेबल’ला पसंती दिली जाते. न पेटणाऱ्या पदार्थासाठी ‘नॉनफ्लेमेबल’ हा शब्द आहे. शब्दकुलाचा धडा शिकवताना कामगारवस्तीतील शिक्षकाने हे उदाहरण वगळू नये.

आघात : इंग्रजी शब्दात एका अवयवावर (उच्चारखंडावर) जोर असतो आणि कुलातील शब्दागणिक तो सरकतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या, ‘फटॉग्रफी’मध्ये दुसऱ्या, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्या अवयवावर येतो. ‘-शन’, ‘-इक’, ‘-इटी’ या प्रत्ययांच्या लगत आधीच्या अवयवावर जोर येतो, असा नियम काही अपवाद वगळता लागू पडतो. मराठी व्याकरणाची मदत येथे संपते, कारण मराठीत जोराने शब्दभेद होत नाही. हे कानानेच शिकावे लागते.

अन्य प्रकार : संक्षेप (लॅबोरेटरी–लॅब). आद्याक्षरी (एमआयडीसी). संमिश्रण (ब्रेकफास्ट + लंच = ब्रंच). साम्यसिद्ध (पोस्टपोनवरून भारतीय इंग्रजीतील प्रीपोन).

लोकव्युत्पत्ती : ‘हॅम्बर्गर’ हा हॅम्बर्ग शहरावरून आलेला शब्द ‘हॅम + बर्गर’ असा फोडला गेला आणि बर्गर स्वतंत्र झाला. बदलापूरचे नाव घोडे ‘बदलण्या’शी जोडणारी कथा लोकप्रचलित आहे.

परीक्षा व अध्ययन : केंब्रिजच्या बी२ परीक्षेत उताऱ्यातील आठ रिकाम्या जागा, दिलेल्या मूळ शब्दाचे योग्य रूप करून भरायच्या असतात. अशा प्रश्नात आधी वाक्यातील जागा पाहावी : नाम हवे, विशेषण हवे की क्रियाविशेषण. मग अर्थ होकारी की नकारी ते ठरवावे आणि शेवटी प्रत्यय निवडावा. वहीत शब्द सुटा लिहू नये. नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण असे चार रकाने आखून कुल पूर्ण करावे. कोशात न सापडणारे रूप कल्पनेने भरण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवावा, कारण सर्वच कुले चारही रूपांनी भरलेली नसतात. दिवसाकाठी दोन कुले वाक्यांसह लिहिली तरी वर्षात सातशेहून अधिक होतात, म्हणजे कॉक्सहेड यांच्या संपूर्ण सूचीपेक्षा जास्त. मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी या अभ्यासात रिकाम्या हाताने उतरत नाही. कृत्, तद्धित, संधी, तत्सम आणि तद्भव ही त्याची शिदोरी त्याला आठवून देणे हे इंग्रजीच्या शिक्षकाचे पहिले काम आहे.