सुताचा माग

घराची चौकट बसवताना आमचे सुतारकाका म्हणाले, "दोन सुतं जादा आहे, रंधा मारावा लागेल." मुलीने विचारले, "कुठलं सूत?" इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, एवढे मी सांगितले. पण तो प्रश्न माझ्याच मागे लागला.

'सुतार' हा शब्द संस्कृत 'सूत्रधार'वरून प्राकृत 'सुत्तहार'मार्गे आला. गेरूत भिजवलेला दोरा ताणून लाकडावर सरळ रेघ उठवणारा, तो सूत्रधार. मग नाटकातला सूत्रधार कोण? रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने १९०० साली मांडले की, तो मूळचा बाहुल्यांचे दोरे हलवणारा. कल्पना मोहक आहे आणि आपण ती सहज स्वीकारतो. मला मात्र ती पटत नाही. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची जमीन दोरीने मोजण्याचा विधी आहे. ही दोरी कापसाची, मुंजाची किंवा सालीची असावी, तिला कुठे तूट नसावी. मोजताना ती मधोमध तुटली तर यजमानाचा मृत्यू ठरलेला! इतक्या जिवावरच्या दोरीपुढे बाहुल्यांचा दोरा मला फिका वाटतो. रंगभूमीचा सूत्रधार आणि आमचे सुतारकाका एकाच घरातले असावेत, असे माझे मत आहे. पुढे एकाच्या वाट्याला नांदी आली, दुसऱ्याच्या वाट्याला रंधा.

सगळेच सूत मात्र दोऱ्याचे नसते. इथे एक कबुली द्यायला हवी. 'सूतोवाच' म्हणजे विषयाचा धागा काढणे, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. ते साफ चूक होते. पुराणे सांगणारा सूत बोलू लागला की 'सूत उवाच' येते, त्यातून हा शब्द झाला. हा सूत कर्णाच्या सूतपुत्रातला, कापसाशी त्याचा संबंध नाही. 'सुतक' तर आणखी तिसरेच. त्याचे मूळ जन्माच्या अर्थाचे, आणि मराठीत ते मरणाला चिकटले! माझे ते विद्यार्थी आता स्वतः शिक्षक झाले आहेत, आणि चूक त्यांच्याही वर्गात पोचली असेल.

सुताला नाण्याचे मोल आले ते मात्र खऱ्याखुऱ्या दोऱ्यामुळे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. तिथे सभासदत्वासाठी चार आण्यांच्या जागी दरमहा २००० यार्ड सूत, असा नियम झाला. आजारी किंवा नाखूश असणाऱ्याने दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत दिले तरी चालत असे. नाखुशांचीही सोय नियमातच होती, हे वाचून मला हसू आले. वर्षभरातच चार आण्यांचा पर्याय पुन्हा खुला झाला.

सुतारकाकांना हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "ते राहू द्या, चौकट अजून अर्धं सूत तिरकी आहे."